माझं घड्याळ नवाला सुरू व्हायचं

चौतीस वर्षांच्या नोकरीत मी सगळ्यात जास्त वेळा कोणता शब्द लिहिला असेल, तर तो 'आळशी'. त्याच्या खालोखाल 'विनापरवानगी गैरहजर'. संपादकांनी नोकरीतले अनुभव लिहायला सांगितले तेव्हा आधी वाटलं, आपल्याकडे लिहिण्यासारखं काय आहे? आपण ना डॉक्टर, ना पोलीस. मग हा शब्द आठवला आणि म्हटलं, एकदाचा याचा हिशेब करूनच टाकू.

बोईसरला तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचा एक कारखाना आहे. तिथे मी टाइम ऑफिसात होतो. टाइम ऑफिस म्हणजे घड्याळं दुरुस्त करायची जागा, असं माझ्या सासऱ्यांना लग्नाच्या बोलण्यांपर्यंत वाटत होतं. तसं नसतं. कारखान्याच्या गेटपाशी एक खोली असते. कोण किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर पडला, कोणाची रजा शिल्लक आहे, ठेकेदाराच्या कोणत्या माणसाला पास द्यायचा आणि कोणाचा काढून घ्यायचा, हे सगळं त्या खोलीतून चालतं. यंत्रं चालवणारे वेगळे, माणसं चालवणारे आम्ही, असा आमचा तोरा. वर्षअखेरीला प्रत्येकाच्या कागदावर 'शेरा' नावाचा रकाना असायचा. तो भरताना माझं पेन फार छान चालायचं.

पण त्या पेनाच्या अकलेचे दोन नमुने सांगतो. बॉयलरवर एक ऑपरेटर होता. रोज शिफ्टच्या दोन मिनिटं आधी त्याचं कार्ड पडायचं, एक दिवस चुकला नाही. आत जाऊन तो मिठाच्या गोण्यांवर आडवा व्हायचा हे साऱ्या कारखान्याला ठाऊक होतं, फक्त माझ्या रजिस्टराला नव्हतं. मी लिहिलं 'अत्यंत नियमित', आणि त्याला बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ माझ्याच हस्ते दिलं. दुसरा नमुना वाघबारशीचा. त्या दिवशी आसपासच्या पाड्यांवरची सगळी वारली माणसं कामाला दांडी मारून वाघदेवाला जायची. नवे आलेले साहेब हजेरीपट बघून म्हणाले, "राऊतजी, ये वाघ कौन है? हमारे यहाँ काम करता है क्या?" मी हसलो आणि सगळ्यांच्या नावांपुढे 'विनापरवानगी गैरहजर' लिहून मोकळा झालो. मी स्वतः गणपतीला पाच दिवस घरी असायचो. ती मात्र 'मंजूर रजा'.

हे बाळकडू घरचंच. आमची पालघरजवळच्या माहीमला वाडी. केळी, नारळ आणि पानवेली. वाडीला पाणी लावायला वंशा नावाचा वारली गडी होता. दादा, म्हणजे माझे वडील, आंघोळ, पूजा, चहा आटोपून नवाच्या सुमाराला वाडीत यायचे. दुपारी वंशा जांभळीखाली पाय पसरून पडलेला असायचा. दादा ओटीवर झोपाळ्यावर बसून हातपंख्याने वारा घेत म्हणायचे, "बघ, पडलाय. हे लोक मुळातच आळशी." मी सात-आठ वर्षांचा असेन. मला ते सूर्य पूर्वेला उगवतो इतकं खरं वाटलं. नोकरीला लागलो तेव्हा दादांचं हेच ज्ञान मी बरोबर घेऊन गेलो.

आता मुख्य गोष्ट. ही निवृत्तीच्या दोन वर्षं आधीची. पालघर जिल्हा होऊन, कोळगावला मुख्यालयाच्या इमारती उभ्या राहू लागल्या होत्या, साधारण तेव्हाची.

आमच्याकडे नवा रिअॅक्टर आला. रिअॅक्टर म्हणजे रसायनं शिजवायचा मोठा हंडा समजा. बाहेरून जाड पोलाद आणि आतून काचेचा लेप. पोलादाला काही होत नाही. पण हंडा एकदा आपटला की आतल्या काचेला केसाएवढा तडा जातो आणि सगळा हंडा भंगारात. अशा कित्येक टनांच्या नाजूक बाईला जुन्या शेडमध्ये न्यायचं होतं. शेडचं दार बुटकं, वर पाइपांचं जाळं. क्रेन दारापर्यंतच येणार. तिथून पुढची साठेक पावलं लोखंडी रूळ, फळ्या आणि साखळीच्या कप्प्या लावून माणसांच्या हातांनीच ढकलत न्यायची.

हे काम करून घ्यायला यंत्रवाल्या कंपनीने रेनाटो नावाचा माणूस पाठवला. फिलिपिन्सचा. बुटका, साठीला टेकलेला, आखातापासून कोरियापर्यंत कुठे कुठे हंडे बसवून आलेला. दुसऱ्याच दिवशी त्याने बोईसरच्या बाजारात सुके बोंबील आणि जवळा शोधून काढला आणि त्यांच्या वासाने लॉजवाल्याच्या नाकी नऊ आणले. माझ्या डब्यातली जवळ्याची चटणी त्याने चाखली आणि आमची दोस्ती झाली. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं, त्यामुळे दोघांनाही एकमेकांचं चांगलं कळायचं.

ठेकेदाराने त्याच्यापुढे तीन टोळ्या उभ्या केल्या. दोन टोळ्यांचे मुकादम म्हणाले, "हो जायेगा साब, आज शाम तक." तिसरी टोळी वारल्यांची, रूपजी वरठाची. मनोरच्या बाजूला डोंगरात त्याचा पाडा. पाच पुरुष, तीन बाया. ही आठ माणसं काही न बोलता रिअॅक्टरभोवती बसली आणि तासभर नुसती त्याच्याकडे बघत राहिली. रेनाटोने त्यांनाच घेतलं. मी कपाळाला हात लावला.

पास करायला रूपजी माझ्या खिडकीशी आला. पन्नाशीचा, काटक, केस पांढरे. मी त्याचं गाव विचारलं तसं त्याने माझं विचारलं.

"सायेब, तुमी कुठले?"

"माहीमचा. राऊत."

तो जरासा हसला आणि पास घेऊन गेला. मला वाटलं, साहेबाशी ओळख काढतोय.

या कामात त्या आठ जणांचं बरंच काही अडकलं होतं. मागून आणखी दोन रिअॅक्टर यायचे होते, आणि पहिलं काम जमलं तर वर्षभराची देखभालही याच टोळीला मिळणार होती. म्हणजे दिवाळी झाल्यावर पोराबाळांना घेऊन वीटभट्टीवर जाणं सुटलं असतं. हे ठेकेदाराने मला सांगितलं होतं, म्हणजे मला माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही.

काम सुरू झालं. ऑक्टोबरचं ऊन, वर पत्रे. माझ्या केबिनमध्ये कॅमेऱ्याचा पडदा होता आणि टेबलावर माझं लाडकं घड्याळ. मी नवाला आलो की पडदा चालू करायचो. पहिल्या दिवशी साडेअकराला सगळे बसले ते तीन वाजेपर्यंत. दुसऱ्या दिवशी तेच. मी डायरीत मिनिटांसकट लिहून ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला तर कहरच झाला. रिअॅक्टर रुळांवर सरकत असताना त्यांच्यातली सोनी नावाची बाई एकदम खाली बसली. तिच्यामागोमाग बाकीचे सातही जण कप्प्या अडकवून बसले. ना कोणी तिला काही विचारलं, ना कोणी उठलं. तसाच पडदा वरच्या मजल्यावर प्लांट मॅनेजर साहेबांकडेही होता. लगेच फोन वाजला.

"राऊतजी, ये लोग बैठे क्यों हैं? पिकनिक चल रही है?"

"लोकल हैं साहब," मी म्हणालो. एवढं पुरेसं होतं.

संध्याकाळपर्यंत माझा रिपोर्ट तयार. कोणत्या दिवशी किती मिनिटं बसले त्याचा तक्ता, आणि खाली शेरा : 'टोळी आळशी. बदलावी.' माझी सही. दुसऱ्या दिवसापासून आठही पास रद्द. अक्षर इतकं छान आलं होतं की मी तो कागद पुन्हा एकदा वाचला.

दुसऱ्या दिवशी नवाला आलो तर रेनाटो माझ्या खुर्चीत. डोळे लाल.

"माझी माणसं कुठे आहेत?"

"त्यांचे पास काढले. आणि तुम्ही एवढ्या लवकर कसे?"

"लवकर? मी पाचपासून इथे आहे. रोज पाचला असतो. तेही रोज पाचला असतात."

माझा विश्वास बसेना. त्याने मला हाताला धरून मागच्या माल-गेटवर नेलं. अवजारं घेऊन येणारी माणसं तिकडून आत येतात आणि तिथली वही सिक्युरिटीवाले ठेवतात. ती कधी टाइम ऑफिसात येत नाही, कारण आम्ही कधी मागवलीच नाही. त्या वहीत रोज पहाटे पाच, पाच-पाच, चार पन्नास. 'रूपजी व सात.' मी डायरी उघडायच्या आत ती माणसं रोज चार तास राबून झालेली असायची. तीननंतर पुन्हा दिवेलागणीपर्यंत. पत्रे तापले की आतलं लोखंड हाताला चटके देतं, हातांना घाम सुटतो आणि घामेजल्या हातातून साखळी सुटते. म्हणून भर दुपारी जड वस्तूला हात लावायचा नाही, हा त्यांच्या बापजाद्यांचा नियम. बापजादे जंगलात सागाचे ओंडके ओढायचे.

मग रेनाटोने मला शेडमध्ये नेलं. रिअॅक्टर काल थांबला तिथेच होता, आणि तिथून हातभर पुढे जमिनीत गटार होतं आणि त्यावर सिमेंटचं झाकण. तो गुडघ्यावर बसला आणि बोटाने दाखवलं. झाकणाला आरपार चीर होती. वर धूळ, त्यामुळे दिसत नव्हती. सोनीच्या हाताखालची फळी सरकताना वेगळी थरथरली, म्हणून ती बसली. त्यांच्यात तशी रीतच आहे, एकाला शंका आली की त्याने बसायचं, आणि एक बसला की सगळ्यांनी बसायचं. का, ते ओरडून विचारायचं नाही. विचारण्यात हात ढिला पडतो. आधी वजन टेकवायचं, बसायचं, मग सावकाश शोधायचं.

"मी चाळीस वर्षं हे काम करतोय," रेनाटो म्हणाला. "इतकी शहाणी टोळी मी पाहिली नाही. आणखी एक धक्का मारला असता तर हंडा गेला होता. कदाचित दोन माणसंही."

त्यांच्या त्याच बसण्यापुढे मी 'वीस मिनिटं' लिहून ते आळसाच्या खात्यात टाकलं होतं.

त्या दुपारी आम्ही माझ्या केबिनमध्ये जेवलो. चटणी तशीच पडून होती. रेनाटो म्हणाला, "मिस्टर राऊत, हा शब्द मला नवीन नाही. आमच्या अख्ख्या देशाला तो चिकटवलेला आहे."

त्याने मग त्याच्या घरातली ऐकीव गोष्ट सांगितली. त्याच्या आजोबांचे आजोबा तंबाखू पिकवायचे. राज्य स्पेनचं. अंमलदार येऊन सांगायचा, इतकी रोपं लावलीच पाहिजेत. पानं मोजून घ्यायचा, ती सरकारलाच द्यायची, तेही सरकार म्हणेल त्या भावाने. स्वतःसाठी चार पानं ठेवली तरी शिक्षा. वर वर्षातले कित्येक दिवस रस्ते नि जहाजांसाठी फुकट राबायचं, म्हणजे तोवर घरचं भातशेत तसंच. जास्त पिकवलं तर ते आपलं नाही आणि कमी पिकवलं तर मार, तेव्हा लोकांनी सांगितलं तेवढंच करायला सुरुवात केली. अंमलदार दुपारच्या उन्हात सावलीला बसून लिहायचा, 'हे लोक जात्याच आळशी.'

"त्याला पंख्याने वारा कोण घालत होतं माहीत आहे?" रेनाटो म्हणाला. "आमचाच माणूस."

मला एकदम दादांचा झोपाळा आठवला. मी पाणी प्यालो.

"नंतर अमेरिकन आले. त्यांनी स्पेनवाल्यांचं बाकी सगळं बदललं, हा शब्द तेवढा ठेवला," तो म्हणाला. "आणि सगळ्यात वाईट सांगू? पुढे आम्हीच तो म्हणायला लागलो. मी दुपारी आडवा झालो की माझा बाप म्हणायचा, आपण असेच, म्हणून मागे राहिलो. आणि तो स्वतः पहाटे तीनला मासे धरायला जायचा."

तो बोलत होता आणि मला आमच्या इकडचं दिसायला लागलं. इंग्रजांचे साहेब दौऱ्यावर निघायचे ते पावसाळा सरल्यावर. रस्ते वाळलेले, नद्यांना उतार, तंबू ठोकायला मोकळी शेतं. तेव्हा डोंगरातला माणूस त्यांना दिसायचा तो दारात बसलेला, कारण शेतात काही उरलेलंच नसायचं. आषाढात गुडघाभर चिखलात लावणी चालायची तेव्हा बघायला एकही साहेब नसायचा. त्यातून जंगलावर सरकारचा शिक्का बसला. कालपर्यंत स्वतःच्या पोटासाठी, भाताच्या रोपांना म्हणून जमिनीवर पालापाचोळा जाळून राब भाजणारा माणूस गुन्हेगार झाला आणि दुसऱ्यासाठी वेठीला जायला नकार देणारा कामचुकार. साहेबांचा तो शेरा मग सावकारांनी उचलला, आमच्यासारख्या वाडीवाल्यांनी उचलला, आणि साहेब गेल्यावर इतक्या वर्षांनी मी तो कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसून सुवाच्य अक्षरात लिहीत होतो. त्यांचा दौरा हिवाळ्यात निघायचा, माझं घड्याळ नवाला सुरू व्हायचं. फरक एवढाच.

मी माल-गेटची वही मागवली, गटाराच्या झाकणाचा फोटो काढला आणि दुसरा रिपोर्ट लिहायला बसलो. तोवरच्या बत्तीस वर्षांत एवढी खाडाखोड करून कधी काही लिहिलं नव्हतं. संध्याकाळी तो घेऊन वर गेलो. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"राऊतजी, कल आपने ही तो लिखा था."

"जी. गलत लिखा था."

नोकरीत हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारत होतो. साहेबांनी फोटो उचलून त्या चिरेवर बोट ठेवलं. तसा माणूस वाईट नव्हता, त्याच्या डोक्यावर उत्पादनाची तारीख होती. फोटो खाली ठेवून म्हणाले, "बुला लो उनको. और आप खुद बुलाइए."

ठेकेदाराचा फोन रूपजीला लागेना. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली, मंजूर रजा, आणि स्कूटर काढून मनोरच्या बाजूला निघालो. पाड्यावर घरं उघडी, माणूस नाही. एका म्हातारीने हाताने खालचा उतार दाखवला. तिथे भाताची कापणी चालली होती. रूपजी, सोनी, टोळीतले सगळे आणि आणखी चार घरची माणसं. आज रूपजीचं शेत, उद्या सोनीचं. कापलेल्या भागावरून कळत होतं की ही मंडळी तांबडं फुटायच्या आधीपासून वाकलेली आहेत. बारा वाजून गेले होते.

मला बघून रूपजी बांधावर आला. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. पास परत मिळतील, बाकीचे दोन रिअॅक्टरही तुम्हीच बसवा, वर्षाचं काम पक्कं. त्याने मान हलवली.

"कापनी झाल्याबिगर नाय येनार, सायेब. चार दिस."

"रेनाटो थांबेल. मी साहेबांना सांगतो." मग खरं काम उरलं होतं ते केलं. "रूपजीभाऊ, तो रिपोर्ट मी लिहिला होता. तुम्ही आळशी आहात असा."

मी त्याला पहिल्यांदाच 'भाऊ' म्हणत होतो. त्याला त्याचं काही वाटलं नाही.

"म्हायीत हाय."

"कोणी सांगितलं?"

"कोनी नाय. तुमी माहीमचे राऊत ना? माजा बाप वंशा. तुमच्या वाडीला पानी लावायचा. तवा आमी माहीमलाच ऱ्हायचो. फाटेचा जायचा, आमी निजलेलेच असायचो. तुमचा बाप बी त्याला हेच बोलायचा."

जांभळीखाली पसरलेले ते पाय मला दिसत होते. ते पाय रोज किती वाजता वाडीत यायचे, हे मला पन्नास वर्षांनी त्यांच्या पोराकडून कळत होतं.

"मग पहिल्याच दिवशी बोलला का नाहीत?"

"तुमी पास करत होते. मदी कशाला बोलू?" तो विळ्याच्या पात्यावर बोट फिरवत म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "आन खरं बी असल सायेब. समदीच बोलतात, तं आमी आळशीच असू."

त्याच्या बोटांना भाताच्या पात्यांनी चिरा पडल्या होत्या. मला भर उन्हात रडू आलं. मी ते लपवलं नाही, आणि त्याने बघितल्यासारखं केलं नाही.

"बसा," तो म्हणाला. "ऊन हाय."

त्याने ऐनाच्या झाडाखाली गोणपाट अंथरलं. सोनीने नागलीची भाकर आणि सुक्या मासळीचं कालवण पुढे केलं. सगळे सावलीला येऊन बसले, काही आडवे झाले. मीही त्यांच्यात बसलो. घड्याळाकडे बघितलं नाही असं लिहायचा मोह होतो, पण इतक्या वर्षांची खोड, बघितलंच. साडेबारा ते तीन.

तीन वाजता ते उठले, विळे घेतले आणि अंधार पडेपर्यंत वाकले ते वाकलेच. मी सावलीतच बसून होतो.